डोंगराळ रस्त्यावरचा दीर्घ सायकलप्रवास : खर्च कशावर करावा?

उन्हाळ्याची चाहूल लागली की गोव्यातील सायकलप्रेमींच्या गप्पांत मनाली आणि लेह ही दोन नावे हमखास ऐकू येऊ लागतात. हिमालयातील हा रस्ता साधारणपणे जून ते सप्टेंबर या काळात प्रवासायोग्य असतो. त्यामुळे बेत आखायचा, सायकल घ्यायची आणि सराव करायचा, हे सारे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत बसवावे लागते. या गप्पांत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो, "सायकल कोणती घ्यावी?" पाठोपाठ किमतींची तुलना सुरू होते आणि वजनाने जी सर्वांत हलकी व किमतीने जी सर्वांत भारी, ती सर्वोत्तम, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. डोंगरातील दीर्घ प्रवास सायकलीकडे जे मागतो ते तिच्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी रस्त्याच्या गरजा समजून घ्याव्यात आणि खर्चाचा क्रम त्या गरजांनुसार ठरवावा. तो क्रम असा : आधी गिअर, मग ब्रेक आणि टायर, नंतर शरीराला बसणारी सायकल, पुढे थंडीपावसाचे कपडे आणि सर्वांत शेवटी सायकलीचे वजन. या क्रमामागची कारणे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

रस्ता काय मागतो?

रोहतांगमार्गे मनाली ते लेह हे अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर आहे. मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर, तर लेह ३,५०० मीटरवर वसले आहे. केवळ हे दोन आकडे पाहिले तर चढण फारशी वाटत नाही. पण या दोन गावांच्या मध्ये पाच खिंडी आहेत. रोहतांग ३,९७८ मीटरवर, बारालाचा सुमारे ४,९०० मीटरवर, नकीला त्याहून थोडी कमी उंचीवर, लाचुंगला ५,००० मीटरच्या वर आणि शेवटची तांगलांगला सुमारे ५,३०० मीटरवर. प्रत्येक खिंड चढायची, उतरायची आणि पुन्हा चढायची. सरचूच्या पुढे 'गाटा लूप्स' नावाने ओळखली जाणारी २१ वळणांची चढण लागते. तांडी येथील पेट्रोलपंपानंतर लेहच्या दिशेने साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरात दुसरा पंप नाही, अशी पाटीच तेथे लावलेली असते. सायकलस्वाराला पेट्रोल लागत नाही, पण या पाटीत त्याच्यासाठीही एक सूचना दडलेली आहे : या टप्प्यात सायकलीच्या सुट्या भागांचे दुकानही मिळणार नाही.

म्हणजे सायकलीने तीन गोष्टी करायला हव्यात. तासन्तास हळू चढता आले पाहिजे, तासन्तास सुरक्षितपणे उतरता आले पाहिजे आणि मोडले तर रस्त्याकडेला बसून स्वतःच्या हाताने दुरुस्त करता आले पाहिजे. वेगाचा यात कुठेही उल्लेख नाही.

गिअर : दात्यांचे गणित

प्रस्तुत लेखकाला हे गणित चोर्ला घाटात समजले. केरीहून वर जाणारा हा रस्ता पणजी-बेळगाव प्रवाशांच्या परिचयाचा आहे आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर पोहोचतो. शर्यतीच्या धाटणीची, जुनी पण दिसायला देखणी सायकल घेऊन काही वर्षांपूर्वी या घाटात गेलो होतो. मागे दोन पिशव्या होत्या. अर्धा घाट संपण्यापूर्वीच गुडघे बोलू लागले आणि उरलेला घाट सायकल हाताने ढकलत पार केला. थोड्याच वेळाने शेजारून एक गृहस्थ गेले. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठे असावेत. सायकल साधी, जाड टायरची, पण ते बसून, शांतपणे पेडल मारत पुढे निघून गेले. दोष माझ्या फुप्फुसांचा कमी आणि माझ्या सायकलीच्या दात्यांचा अधिक होता.

हिशेब सोपा आहे. पेडलजवळच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागावे. येणारी संख्या म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल ते प्रमाण. रस्त्याच्या सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. माझ्या त्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांचा होता, म्हणजे प्रमाण १.५६. मिनिटाला साठ फेरे मारायचे तर ताशी जवळपास १२ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरले, तर शंभर मीटरमागे सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर या वेगासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १९० वॉट शक्ती खर्च होते. सराव असलेला हौशी सायकलस्वार तासन्तास देऊ शकतो ती शक्ती साधारणपणे शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास असते. तेवढी शक्ती नसली की फेरे मंदावतात, प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर अधिक भार येतो आणि शेवटी उतरून ढकलणे नशिबी येते.

आता पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर प्रमाण १ होते. तेवढेच साठ फेरे, पण वेग ताशी साडेसात किलोमीटर आणि शक्ती सुमारे १२५ वॉट. पुढे २४ आणि मागे ३४ असतील तर वेग ताशी सव्वापाच किलोमीटर आणि शक्ती ९० वॉटच्याही आत. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्यापेक्षा थोडाच अधिक असतो आणि तिथे गोव्यातले सव्वाशे वॉट कुणालाच देता येत नाहीत, हे लक्षात घेतले तर शेवटच्या आकड्याचे मोल कळते.

म्हणून नियम असा धरावा : सामानासह डोंगरात जाणाऱ्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर १ या प्रमाणाच्या खाली असावा, शक्यतो ०.८ किंवा त्याहून कमी. माउंटन बाइक आणि टूरिंग सायकलींना असे गिअर मुळातच असतात. पुढे एकच ३२ दात्यांचे चक्र आणि मागे ५१ दात्यांपर्यंत जाणारा संच असेल तर प्रमाण ०.६३ इतके खाली येते. जवळ आधीच रस्त्याची सायकल असेल तर मागचा संच बदलून बराच फरक पाडता येतो. मात्र मागचा डिरेलर किती मोठे चक्र पेलू शकतो याला मर्यादा असते. ती मर्यादा मेकॅनिकला विचारल्याशिवाय संच विकत घेऊ नये.

हलका गिअर वापरणे हा कमीपणा आहे, ही समजूत जुनी आहे. 'टूर द फ्रान्स' या प्रख्यात शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअर बदलण्याच्या यंत्रणेला विरोध होता. त्या शर्यतीत डिरेलर वापरण्यास १९३७ साली परवानगी मिळाली. तोपर्यंत आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतील चढणींच्या पायथ्याशी स्पर्धक उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवून पुढे जात. जगातील सर्वोत्तम सायकलस्वारांनाही चढणीसाठी वेगळा दाता लागत असे, हे या इतिहासातून दिसते. आपण त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

ब्रेक : उतारावरची उष्णता

चढण माणसाला थकवते, पण जीवघेणा प्रसंग बहुधा उतारावर ओढवतो. शंभर किलो वजन एक हजार मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात तीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. या ऊर्जेचा काही वाटा वारा शोषून घेतो. बाकीची ब्रेकच्या छोट्याशा तुकड्यावर आणि चकतीवर किंवा रिमवर उष्णतेच्या रूपाने उतरते.

रिमला दाबणारे रबरी ब्रेक साधे, स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारे असतात. पण लांब उतारावर सतत दाबून धरले तर रिम तापते, आतल्या ट्यूबमधील हवा तापते आणि ट्यूब फुटण्याचा धोका निर्माण होतो. पावसात त्यांची पकडही उशिरा येते. कार्बनच्या रिमवर असे ब्रेक घेऊन सामानासह मोठे उतार उतरणे टाळावे, कारण अतिउष्णतेने त्या रिमचे नुकसान होऊ शकते. चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक पाऊस, चिखल आणि जड सामान या तिन्ही बाबतींत अधिक विश्वासार्ह ठरतात. त्यांत दोन प्रकार आहेत. तारेवर चालणाऱ्या ब्रेकची तार रस्त्यात स्वतः बदलता येते. द्रवावर चालणारे ब्रेक अधिक ताकदवान आणि बोटांना हलके असतात, पण त्यातील द्रव गळला तर रस्त्याकडेला फारसे काही करता येत नाही. काही ब्रेकमध्ये खनिज तेल असते, तर काहींत डॉट प्रकारचा द्रव. एकाच्या जागी दुसरा कधीही घालू नये.

ब्रेक कोणताही असो, पॅडचा एक अतिरिक्त जोड सोबत हवाच. ओल्या, धुळीच्या उतारांवर पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. सायकल रेल्वेने किंवा विमानाने पाठवताना चाके काढली तर द्रव ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा अडकवून ठेवावा. चाक नसताना कुणी ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि प्रवासाची सुरुवातच खोळंब्याने होते.

उपकरणाइतकेच ते वापरण्याचे तंत्रही महत्त्वाचे आहे. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा, मग सोडून द्यावेत, म्हणजे त्यांना थंड होण्यास अवधी मिळतो. जळका वास आला किंवा पकड ढिली वाटली तर थांबावे. आणि तापलेल्या चकतीला बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा.

टायर आणि चाके

मनाली-लेह रस्त्याचा बराच भाग आज डांबरी आहे. तरीही वितळलेल्या बर्फाचे नाले, दरडी आणि दुरुस्तीची कामे यांमुळे मध्येच खडीचे पट्टे लागतात. शर्यतीचे २५ मिलिमीटरचे टायर येथे उपयोगाचे नाहीत. ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे, गुळगुळीत किंवा किंचित खाचांचे टायर डांबरावरही चालतात आणि खडीवरही तोल राखतात. सायकल घेताना तिच्या फ्रेममध्ये इतक्या रुंदीचा टायर बसतो का, हे मोजून घ्यावे. नंतर ते बदलता येत नाही.

चाकाला ३२ किंवा ३६ तारांची रिम असावी. तारा कमी असलेले चाक दिसायला आकर्षक असते, पण सामान लादल्यावर एक तार तुटली तरी ते वेडेवाकडे होऊन फ्रेमला घासू लागते. व्हॉल्व्हकडेही लक्ष द्यावे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्यावर बसणारे पितळी अडॅप्टर सोबत ठेवावे. वस्तू अगदी छोटी, पण नसली तर अडवणारी.

सायकल शरीराला बसते का?

दिवसाला सहा-सात तास, सलग दहा दिवस सीटवर बसायचे असते. त्यामुळे सायकलीचे माप हा आरामाचा नव्हे, तर प्रवास पुरा होण्या-न होण्याचा प्रश्न ठरतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. हँडल इतके दूर नसावे की खांदे आणि मनगटे ताणून धरावी लागतील. डोंगरी प्रवासासाठी हँडल सीटच्या पातळीच्या जवळपास ठेवलेले बरे. मऊ, जाड सीट पहिल्या तासात सुखावते आणि चौथ्या तासात छळते. सीटची योग्य रुंदी बसणाऱ्याच्या हाडांवर ठरते, म्हणून ती दुसऱ्याच्या शिफारशीने घेऊ नये आणि प्रवासाच्या आदल्या आठवड्यात बदलू तर मुळीच नये.

फ्रेम पोलादाची की अॅल्युमिनियमची, हा वाद न संपणारा आहे. पोलाद जड असते, पण धक्के सोसते आणि तुटल्यास ट्रक दुरुस्त करणाराही ते जोडून देऊ शकतो. अॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त पडते. दोन्हींवर लोकांनी हा रस्ता पार केला आहे. मागच्या कॅरिअरसाठी फ्रेमला स्क्रूची भोके आहेत की नाहीत, हा प्रश्न या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

एक किलोची किंमत

आता वजनाकडे वळू. शंभर किलोंच्या एकूण भारातून दोन किलो कमी केले तर चढणीला लागणारी शक्ती जेमतेम दोन टक्के घटते. म्हणजे तासाभराच्या चढणीत सव्वा मिनिटाच्या आसपास बचत. हे दोन किलो सायकलीतून कमी करायचे तर मोठी रक्कम मोजावी लागते. तेच दोन किलो पिशवीतून कमी करायला एक पैसाही लागत नाही. डोंगराला मात्र या दोन किलोंतला फरक कळत नाही.

म्हणून सारे सामान जमिनीवर मांडून वजनकाट्यावर तोलावे. पाणी व खाणे सोडून ते बारा ते पंधरा किलोंच्या आत बसावे. हंगामात या मार्गावर ठिकठिकाणी तंबूंतील ढाबे असतात आणि तिथे जेवण व अंथरूण मिळते. त्यामुळे स्वतःचा तंबू आणि स्टोव्ह न्यायचा की नाही, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना समतोल आणि शक्य तितक्या खाली असाव्यात. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ. पाठीवर पिशवी घेऊ नये, तिचा भार कंबर आणि सीट या दोघांना सोसावा लागतो. किमान तीन लिटर पाणी नेण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याचे साधन मात्र वजनाच्या नावाखाली वगळू नये.

थंडी : किनाऱ्यावरच्या माणसाचा अंदाज चुकतो

उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. समुद्रसपाटीपासून तांगलांगलापर्यंतचा फरक या हिशेबाने सुमारे ३४ अंशांचा होतो. दिवसा लडाखचे ऊन भाजून काढते, पण ढग आला किंवा सूर्य ढळला की हा आकडा खरा ठरू लागतो. चढताना अंग घामाने भिजते आणि लगेच उतार लागून वारा झोंबू लागतो. गोव्याच्या माणसाची तारांबळ नेमकी इथे उडते, कारण आपल्याकडे ओले कपडे अंगावर वाळतात.

एकच जाड जॅकेट नेण्याऐवजी तीन पातळ थर न्यावेत. आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, मध्ये लोकर किंवा फ्लीसची ऊब आणि वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट. सुती बनियन टाळावे, ते भिजले की थंडच राहते. खिंडीच्या माथ्यावर पोहोचताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, जॅकेट चढवावे. पूर्ण बोटांचे हातमोजे चैनीची वस्तू नव्हेत, गारठलेल्या बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही. बर्फाचे पाणी सकाळी कमी आणि दुपारी अधिक असते, म्हणून नाले शक्यतो सकाळी ओलांडावेत आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. हेल्मेट, काळा चष्मा, पुढे-मागे दिवे आणि ट्रकचालकाला दुरून दिसेल असा भडक रंग यांवर चर्चेची गरज नसावी.

दुरुस्तीची थैली

पंप, दोन-तीन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, टायर काढण्याच्या पट्ट्या, अॅलन कीचा संच, साखळी तोडण्याचे अवजार आणि साखळीची क्विक लिंक, चार-सहा योग्य लांबीच्या तारा व त्यांची किल्ली, गिअर व ब्रेकच्या तारा, ब्रेक पॅड, तेलाची छोटी बाटली, कॅरिअरचे जास्तीचे स्क्रू, केबल टाय आणि थोडा चिकटपट्टीचा रोल. याखेरीज एक वस्तू हमखास विसरली जाते. ती म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा छोटा हँगर. सायकल आडवी पडली किंवा पार्सलमध्ये दबली की तो वाकतो किंवा तुटतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने दुसऱ्याचा चालत नाही. तो आधीच घेऊन ठेवावा.

या थैलीतील प्रत्येक वस्तू घरी एकदा तरी वापरून पाहिलेली असावी. ट्यूब बदलता न येणाऱ्याच्या पिशवीतील ट्यूब हे केवळ ओझे असते.

जे विकत मिळत नाही

उंचीवरील विरळ हवेवर कोणतेही उपकरण उतारा ठरत नाही. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही शरीराची सूचना असते. ती वाढत असेल तर आणखी वर न जाता खाली उतरावे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही गंभीर लक्षणे असून तेव्हा एक क्षणही दवडू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि बेतात विश्रांतीचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. वाचवलेल्या पैशांतून घ्यावी अशी सर्वांत मौल्यवान गोष्ट हे दिवसच आहेत.

आणि खरेदी बरोबर झाली की नाही, हे जाणून घेण्यासाठी मनालीपर्यंत जाण्याची गरज नाही. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली, यांपैकी जवळचा घाट निवडावा. लेहला न्यायचे ते सर्व सामान, अगदी हँगर आणि जास्तीच्या मोज्यांसह, सायकलीवर लादावे. लागोपाठ दोन दिवस तो घाट चढावा आणि उतरावा. बसून, गप्पा मारता येतील इतक्या श्वासात वर पोहोचता आले, उतरताना ब्रेकनी साथ दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसण्याची इच्छा झाली, तर सायकल योग्य आहे, मग तिची किंमत काहीही असो. नसेल, तर काय बदलायचे ते घाट सांगेल. केरीच्या पायथ्याशी कळलेली चूक दुकानात जाऊन सुधारता येते, तीच चूक बारालाचाच्या चढणीवर कळली तर सुधारायला जवळपास कुणीही नसते.